पाळण्यावरचा आवाज

सुलोचनाबाई धोटे यांचं पत्र आलं तेव्हा मी ते वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवलं. चष्म्याचं घर मी दिवसातून कितीतरी वेळा उघडतो. म्हणजे पत्र विसरलो असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवली नव्हती. तरीही उत्तर लिहिलं नाही.

हल्ली पत्र कोण पाठवतं? पण बाईंचा नाइलाज होता. मी फोन उचलत नाही. घंटा वाजली की काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव सुरू होते, आणि ती होईपर्यंत घंटा थांबते. कॉलेजच्या ग्रंथालयात हयात गेली त्याचा हा परिणाम असावा. किंवा मी मुळात असा, म्हणून ग्रंथालयात टिकलो असेन. नक्की सांगता येणार नाही.

पत्रात सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर एकच प्रश्न होता. ‘पाळण्यावरच्या यंत्रातला माझा आवाज तुम्ही काढलात का? घर तुमचं आहे, हक्क तुमचा आहे. मी भांडायला येणार नाही. हो किंवा नाही, एवढंच कळवा. मुक्ताच्या उष्टावणाला यायचं की नाही ते मी त्यावर ठरवीन.’

सुलोचनाबाई माझ्या विहीणबाई, माझ्या सुनेची, ऋजुताची आई. मुक्ता आमची नात. आणि त्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज ऋजुतानंही पाळला. ती आर्वीला गेली आणि मुक्ता तिकडेच जन्मली. मुक्ता साडेतीन महिन्यांची झाल्यावर माझा मुलगा सारंग आणि मी दोघींना साताऱ्याला आणायला गेलो. सुलोचनाबाई बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. वर्धा स्टेशनवर आम्हाला घ्यायला त्या स्वतः गाडी चालवत आल्या, आणि आर्वीपर्यंत गप्पा, हॉर्न आणि हसणं यांत खंड पडला नाही.

घरात पाऊल टाकताच, चपला काढता काढता त्या ओरडल्या, “काय म्हन्ते व माय माही? आली ना मी, आली!”

आतल्या खोलीतून एक लांब, चढत जाणारी किंचाळी आली. बाईंनी तीच किंचाळी तशीच्या तशी परत केली. मुक्तानं आणखी वर चढवली. बाईंनीही चढवली. मग पाळण्यातून ओठांची फुर्र झाली, आणि बाईंनी बँकेतल्या माणसाला शोभणार नाही अशी थुंकी उडवत फुर्र केलं.

“पोट्टी फुरफुर करून रायली, म्हणजे पाऊस येते आता,” त्या म्हणाल्या.

“जानेवारीत?” सारंगनं विचारलं.

“तिले कॅलेंडर समजते का जी? घ्या इवाई, तुमची नात.”

विदर्भात व्याह्याला इवाई म्हणतात. मी पाळण्यावर वाकलो. आजोबांनी नातीशी पहिलं वाक्य कोणतं बोलावं? ‘बाळ’ म्हणावं की नावानं हाक मारावी? मुक्ता माझ्याकडे टक लावून बघत होती. तिनं घशातून लहानसा ‘ऊं’ केला, थोडी थांबली. मी अजून शब्द निवडतच होतो. तिनं मान फिरवली.

“बोला ना जी,” बाई हसल्या. “का तिले आधी लायब्ररीचं कार्ड काढा लागते?”

सारंग खो खो हसला. मीही हसलो, जरा उशिरानं.

त्याच वेळी पाळण्याच्या दांडीवरून सुलोचनाबाईंचाच आवाज आला, “ऊं? काय म्हन्ते व?” बाईंचं तोंड तर मिटलेलं होतं. मुक्ता खुदकन हसली. पूर्वी जिथं लाकडी राघू टांगत, तिथं पेरूएवढं एक पांढरं यंत्र होतं. त्याचं नाव पडसाद.

ऋजुता अभियांत्रिकी कॉलेजात शिकवते. पडसाद तिनंच घेतलं होतं आणि तिनंच मला ते समजावून दिलं. नंतर मी माझ्या सवयीनं त्याबद्दल मिळेल ते सगळं वाचलं.

बाळाचं रडणं आणि बाळाचे बाकीचे आवाज यांत मोठा फरक आहे. रडण्याचा अर्थ ठरलेला असतो, काहीतरी दुखतंय, हवंय. पण पहिल्या महिन्यापासून बाळ जे हुंकारतं, पुढे किंचाळतं, गुरगुरतं, फुर्र करतं, त्या आवाजांना ठरलेला अर्थच नसतो. तीच किंचाळी आज आनंदाची असते, उद्या तक्रारीची, परवा उगाच. कोणी जवळ नसतानाही बाळ हे आवाज काढून बघत असतं. आवाज आणि अर्थ यांची गाठ अशी सैल असणं हीच भाषेची पहिली पायरी, असं संशोधक म्हणतात. गाठ पक्की असती तर माणसाला फक्त ओरडता आलं असतं, बोलता आलं नसतं. मग सहाव्या-सातव्या महिन्याच्या सुमाराला जबडा तालात उघडू-मिटू लागतो आणि ‘बा-बा-बा’, ‘दा-दा-दा’ सुरू होतं. ते शब्द नव्हेत, पण शब्दांच्या विटा असतात.

या विटा भाजायला भट्टी लागते ती उत्तराची. बाळानं आवाज केला आणि लगेच, क्षणभरात, कोणी उत्तर दिलं, तर ते पुढचा आवाज अधिक बोलण्यासारखा काढतं. उशिरा दिलेलं उत्तर त्याला स्वतःच्या आवाजाशी जोडता येत नाही. पडसाद नेमकं हेच करायचं. रडणं सोडून प्रत्येक आवाजाला ते तात्काळ उत्तर द्यायचं, बाळाचाच आवाज किंचित सुधारून परत करायचं. ‘आ’ला ‘आ... बा’. आणि हे सगळं घरातल्याच एका माणसाच्या आवाजात. आवाज निदान वर्षभर एकच ठेवावा, नवा भरला की जुना पुसला जातो, असं कंपनीनं बजावलं होतं. सिझेरियननंतर ऋजुताला बोलायचीही ताकद नव्हती, म्हणून तिनं आईचा आवाज भरला होता.

अशा रीतीनं सुलोचनाबाई आर्वीला राहिल्या आणि त्यांचा आवाज साताऱ्याला आमच्या घरी राहायला आला.

मी सकाळी पेपर उघडला की आतून यायचं, “उठली का व राणी माही?” मी अंगात बनियन असेल तर आधी सदरा चढवायचो. विहीणबाई घरात आहेत या कल्पनेनं मला जेवणही नीट जात नव्हतं. आणि मुक्ता! ती दिवसभर त्या पेरूशी गुजगोष्टी करायची. तिच्या किंचाळीला आर्वीचा हेल लागला होता. शेवट वर नेऊन सोडून द्यायचा, अगदी विहीणबाईंसारखा. संध्याकाळी भिंतीवरच्या पडद्यावर खऱ्या सुलोचनाबाई दिसल्या की मग विचारूच नका. मुक्ता हातपाय झाडायची, ओरडायची, आणि बाई तिकडून, “ओळखते ना जी मले! पाहा इवाई, पाहा!”

मी पाहत होतो. सारंगच्या लहानपणी त्याची आई बोलायची आणि मी ऐकायचो. ती गेल्यावर घर गप्प झालं, आणि मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते आत्ता. जी मुलगी माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत बोलायला शिकणार, ती दुसऱ्याच कोणाच्या आवाजात शिकणार. माझं तिच्यात काय राहणार? नाक? तेही ऋजुताचं होतं.

मी तिला गोष्टींची पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो. मी वाचायचो आणि ती मधेच ‘गी’ करायची. मला वाक्य अर्धवट सोडवत नाही. पूर्णविरामाला पोचून मी “काय गं?” म्हणेपर्यंत पडसादनं तिला उत्तर देऊन टाकलेलं असायचं. आणि तिचं तोंड तिकडे वळलेलं असायचं.

एका दुपारी ऋजुता कॉलेजात रुजू होण्याचे कागद द्यायला गेली. मुक्ता झोपली होती. मी फोनवर पडसादचं पान उघडलं आणि ‘आवाज बदला’ असं लिहिलं होतं तिथं बोट ठेवलं.

यंत्रानं मला परिच्छेद वाचायला दिले. ते सोपं होतं. मग ते म्हणालं, “आता आश्चर्य वाटल्यासारखं बोला.” मी बोललो. “पुन्हा प्रयत्न करा.” मी पुन्हा बोललो. “आता लाडानं हाक मारा.” मी दार लावून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या मिक्सरला लाडानं हाक मारली, कारण मांजर घरात नव्हतं. “आता हसा,” यंत्र म्हणालं. मी हसलो. “हसण्याचा आवाज ओळखता आला नाही.” शेवटी माझी स्वतःची ही अवस्था बघून मला खरंच हसू आलं, आणि यंत्राला ते पुरलं.

मुक्ता जागी झाली. तिनं डोळे न उघडताच ‘ऊं’ केलं.

“ऊं? काय म्हणते आमची मुक्ता? बा? बा म्हणते?”

हा माझा आवाज होता. पण असा आवाज मी आयुष्यात काढलेला नव्हता. गोड, मोकळा, कुठंही न अडखळणारा. जन्मभर मी जसा बोलू शकलो असतो आणि बोललो नाही, तसा. मुक्तानं डोळे उघडले. भुवया उंचावल्या. जरा वेळ विचार केला आणि यंत्राकडे बघून हसली.

संध्याकाळी सारंगनं दारातच तो आवाज ऐकला. “बाबा गाणं म्हणतायत?” असं विचारत तो आत आला, आणि मला खुर्चीत गप्प बसलेला बघून त्यानं दांडीकडे पाहिलं. मग त्यानं मला अक्षरशः मिठी मारली. “अहो, काय धमाल! शाळेच्या बक्षीस समारंभाला तुम्ही आला होतात तेव्हा सरांना वाटलं होतं तुम्ही मुके आहात!”

ऋजुता पाळण्यापाशी उभी होती. मी म्हणालो, “तुला विचारायला हवं होतं.” ती म्हणाली, “असू दे बाबा,” आणि मुक्ताला उचलून आत गेली.

त्या संध्याकाळी पडद्यावर सुलोचनाबाई आल्या. “कुठे हाय माय माही?” मुक्तानं आवाज ऐकला, पण ती पाळण्याकडेच बघत राहिली. बाईंनी किंचाळी मारली. मुक्तानं अंगठा तोंडात घातला. बाईंचा चेहरा पडद्यावर मोठा मोठा होत गेला, त्या जवळ येत होत्या.

“काऊन व ऋजू, तब्येत बरी नाही का तिची?”

“झोप झाली नाही गं. आणि पडसाद दुरुस्तीला दिलंय,” ऋजुता म्हणाली.

मी पुस्तकातून मान वर केली नाही. माझ्यासाठी ती आईशी खोटं बोलली असं मला वाटलं, आणि लाज वाटण्याऐवजी थोडं बरंच वाटलं. आमच्या बाजूला कोणीतरी होतं.

पंधरवड्यानंतर ते पत्र आलं. ‘हो’ लिहावं तर ऋजुताचं खोटं उघडं पडणार. ‘नाही’ लिहावं तर खोट्यात माझी भर. दोन्ही बाजूंनी विचार करणं मला छान जमतं. तो करण्यात दिवस जाऊ लागले.

उष्टावणाला बाई आल्या नाहीत. गुडघे धरलेत, असा निरोप आला. मामा परदेशात, म्हणून चांदीच्या वाटीतली खीर सारंगनं भरवली. शेजारपाजारची मंडळी जमली होती. खीर ओठांना लागताच मुक्तानं तोंड वाकडं केलं आणि पाळण्याकडे हात करून स्पष्ट म्हणाली, “बा-बा-बा-बा.”

“बा-बा! शाब्बास! बा-बा!” पेरूतून माझा आवाज आला.

टाळ्या पडल्या. “आजोबांची नात हो!” शेजारच्या काकू म्हणाल्या. “आजोबांशी किती गट्टी!” मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मुक्तानं एकदाही माझ्याकडे बघितलं नव्हतं.

तेव्हापासून मला एक वेगळाच त्रास सुरू झाला. तो सांगायला संकोच वाटतो, कारण तो मूर्खपणाचा आहे. मला माझ्या आवाजाचा मत्सर वाटू लागला. विहीणबाईंवर निदान जळता तरी येत होतं, त्या दुसऱ्या होत्या. आता पाळण्यावर मीच होतो, पण हजरजबाबी, प्रेमळ, कधी न थकणारा. ऋजुता कामावर रुजू झाली होती आणि दुपारी मी आणि मुक्ता दोघंच असायचो. खरं तर तिघं. मी म्हणायचो, “मुक्ता.” माझा आवाज ऐकून ती आनंदानं वळायची, पाळण्याकडे. मी तिला कडेवर घेऊन बोललो तरी ती माझ्या खांद्यावरून मागं, दांडीकडे बघायची. माझ्या तोंडातून निघालेला आवाज तिच्या हिशोबी तिकडचाच होता. मी नुसता तिला उचलून धरणारा माणूस होतो.

एक दिवस मला ते सहन झालं नाही. मी यंत्र बंद केलं.

मुक्ता गादीवर पालथी होती. ती म्हणाली, “दा?” मी मुद्दामच गप्प राहिलो. आता ती मला शोधेल, असा माझा हिशोब होता. ती दांडीकडे बघत राहिली. उत्तर आलं नाही. तिनं ओरडायला हवं होतं, किंचाळायला हवं होतं, आर्वीला करायची तशी. तिनं तसं काही केलं नाही. पुन्हा एकदा, आणखी हळू, “दा” म्हणाली. आणि मग तोंड मिटून नुसती बघत राहिली. रडलीही नाही.

मला हे बघणं ओळखीचं होतं. फोनची घंटा थांबल्यावर मी असाच बघतो.

मी परत वाचायला बसलो. या वेळी कंपनीचे कागद नव्हते वाचायचे, जुने शोधनिबंध काढले. एका प्रयोगात पाच महिन्यांच्या बाळांशी खेळता खेळता मोठं माणूस अचानक गप्प झालं, चेहरा कोरा करून बसलं. बाळं काय करतात? आधी ती जास्त आवाज काढतात. हाक मारतात. आपल्या आवाजानं समोरचं माणूस हलतं हे त्यांना एव्हाना कळलेलं असतं, म्हणून ती ते हलवून बघतात. ज्या बाळांनी अशी हाक जास्त मारली, त्यांना पुढे शब्दही जास्त कळत होते.

माणसं उत्तर देतात, पण चुकतातही. दूध उतू जातं, दार वाजतं, डोळा लागतो. ती फट बाळ ओरडून भरून काढतं. पडसाद कधीच चुकत नव्हतं. मुक्ताला सगळी उत्तरं मिळाली होती, एकही मागावं लागलं नव्हतं. आर्वीला यंत्राच्या जोडीला खऱ्या बाई होत्या, त्या मधेच फोनवर बोलायला जायच्या, कुकर बंद करायला धावायच्या, आणि पोर मागून ओरडायचं. साताऱ्याला यंत्राच्या जोडीला मी होतो. यंत्र सगळ्याला उत्तर देत होतं आणि मी कशालाच देत नव्हतो. एकदा बोलून पाहायचं आणि उत्तर आलं नाही की मुकाट्यानं बसायचं, एवढंच तिनं माझ्याकडून उचललं होतं. माझं तिच्यात काहीतरी राहावं अशी इच्छा होती, ती अशी पुरी झाली. अर्थात मी शास्त्रज्ञ नाही, माझा हा निष्कर्ष चुकीचाही असेल.

ऋजुता घरी आल्यावर मी तिला यंत्र बंद करून दाखवलं. मुक्तानं एकदा “दा” केलं आणि गप्प झाली. ऋजुता खाली बसली.

“हे मी केलं,” मी म्हणालो. “तुझ्या आईचा आवाज काढला नसता तर...”

“तर तेच झालं असतं बाबा. आईच्या आवाजात झालं असतं.” ती मुक्ताच्या पाठीवरून हात फिरवत होती. “तुम्ही आवाज बदललात ना, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल मी रागावले.”

“रागावली होतीस.”

“मला सुटल्यासारखं झालं होतं. मी दूध पाजत असायचे आणि ही आईच्या आवाजाकडे बघून हसायची. माझी आई, माझी मुलगी, आणि मधे मी म्हणजे दुधाची बाटली. माझा आवाज भरायची हिंमत होत नव्हती. आईला काय वाटेल! तुम्ही ते काम केलंत, म्हणून तर मी दुरुस्तीचं खोटं बोलले. तुमच्यासाठी नाही बोलले.”

आमच्या बाजूला कोणी नव्हतंच तर. ती तिच्या बाजूला होती.

“तू पण?” मी विचारलं.

“मी पण.” ती हसली, पण डोळे पुसत. “काय बाई घर आहे! सहा महिन्यांच्या पोरीवरून सगळे जळतायत.”

“त्यांचं पत्र आलंय,” मी म्हणालो आणि चष्म्याचं घर तिच्यापुढे धरलं. तिनं पत्र वाचलं, तारीख बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

“तिला लिहा.”

“यंत्र दुरुस्तीला गेलं नव्हतं, हेही?”

“लिहा. तिला कळलेलंच आहे. तिनं बँकेत जन्मभर खोट्या सह्या पकडल्यात.”

पडसाद आम्ही दांडीवरून काढलं. पहिले दोन दिवस वाईट गेले. मुक्ता त्या रिकाम्या दांडीकडे बघायची. मी तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसायचो, गुडघे कुरकुरायचे. ती “दा” म्हणायची. मी शब्द निवडायला लागायचो, मग लक्षात यायचं की शब्द नकोच आहे, आणि “दा” म्हणायचो. उशीर व्हायचाच. ती तोवर दुसरीकडे वळलेली असायची. सारंग संध्याकाळी यायचा आणि विचारायचा, “बाबा, आज किती बोललात?” “दा,” मी सांगायचो.

मग एका दुपारी मी तिच्यासमोर बसलो असताना चष्मा पुसत होतो. ती “दा” म्हणाली. मी काच उजेडात धरून बघत होतो. ती पुन्हा म्हणाली, “दा!” मी चष्म्यावर फुंकर मारली. आणि मग ती ओरडली. पूर्ण ताकदीनं, तळहात जमिनीवर आपटून, शेवट वर नेऊन सोडून देत. दांडीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत. तो हेल आर्वीचा होता. माझ्या आवाजानं तो पुसला गेलेला नव्हता, आत कुठंतरी होता.

मी घाबरून “दा!” म्हणालो. इतक्या मोठ्यानं की ती दचकली, आणि मग पोट धरून हसावं तशी हसली.

हे व्हायला माझा धांदरटपणा कारणीभूत होता की नुसतं तिचं वय, मला माहीत नाही. सारंग म्हणतो, वय. पण त्या हसण्यात मला सुख झालं तितकीच एक कळही आली. तो हेल ऐकून मला कळलं की ती हाक मारायला कोणाकडून शिकली होती, आणि ते माणूस गुडघ्यांची सबब सांगून आर्वीला बसलं होतं.

मी त्याच दुपारी कागद घेतला. खूप खाडाखोड केली. शेवटी एवढं उरलं:

‘श्रीमती सुलोचनाबाई यांस, सप्रेम नमस्कार.

हो. मीच काढला. यंत्र दुरुस्तीला गेलं नव्हतं. ऋजुताला विचारलं नव्हतं, तुम्हालाही विचारलं नाही. मला तुमचा हेवा वाटत होता. अजूनही वाटतो, हे लपवत नाही.

आता यंत्रच काढून टाकलं आहे. मुक्ता मधे हाक मारायची थांबली होती. आज पुन्हा मारली. तिची हाक तुमच्यासारखी आहे. तिला उत्तर द्यायला मी एकटा पुरत नाही. मला वेळ लागतो. तुमचा आवाज नको, तुम्हीच या. आलात की राहा. उष्टावण पुन्हा करू, त्याला शास्त्राची आडकाठी असेल तर मी वाचून काढतो काहीतरी.

आपला, विद्याधर लिमये.’

खाली ऋजुतानं तिच्या अक्षरात लिहिलं, ‘आई, खोटं मी बोलले. का ते समोर बसून सांगेन. ये.’

दुसऱ्या दिवशी मुक्ताला कडेवर घेऊन मी पोस्टात गेलो. रांगेत ती पुढच्या माणसाच्या टकलाला उद्देशून “बा-बा-बा” म्हणाली. तो वळला आणि “बोला ताई,” म्हणाला. तिनं आणखी मोठ्यानं म्हटलं. सगळं पोस्ट बघायला लागलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, आणि वाटत होतं की तिनं थांबू नये.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. “आर्वी, जिल्हा वर्धा. साधं पाठवायचंय की स्पीड पोस्ट?”

साधं म्हटलं तर आठवडा सहज जाईल. कदाचित जास्त. तेवढे दिवस मुक्ता फक्त माझ्याकडे बघून ओरडेल. मग बाई येतील, दारातूनच किंचाळतील, आणि ही माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेप घेईल. यात मला कसलीच शंका नव्हती.

“आजोबा? साधं की स्पीड?”

“दा!” मुक्तानं माझ्या कानात ओरडून सांगितलं. ती उत्तराची वाट बघत होती, खिडकीतल्या बाईही.

“स्पीड,” मी म्हणालो. लगेच वाटलं की साधं म्हणायला हवं होतं. पण तोवर बाईंनी शिक्का मारून पाकीट मागच्या पोत्यात टाकलं होतं.